मॅनेजरला डॉक्टरची अपॉइंटमेंट सांगताना मी घातलेला घोळ

पहिला जॉब, हिंजवडीला, चारेक महिने झाले असतील आणि मला फिशरचा (शौचाच्या जागी चीर पडण्याचा) त्रास सुरू झाला. दिवसभर खुर्चीत बसायचं, पाणी प्यायचं नाही, रात्री झणझणीत काहीतरी खायचं, अजून काय होणार. पण हे मॅनेजरला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून सकाळी नऊला व्हॉट्सॲपवर 'बरं वाटत नाहीये, आज येत नाही' एवढंच टाकलं आणि दवाखान्यात जाऊन बसलो. साडेदहाला फोन, बिल्ड अडकलंय, फाईल कुठे ठेवलीयेस. मी हळू आवाजात सांगतोय तेवढ्यात काउंटरवरच्या मावशींनी आवाज दिला, "मूळव्याधवाले कोण आहेत, आत या!" पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "ओके ओके, टेक केअर". (मला मूळव्याध नव्हती हो, पण हे आता कोणाला समजावत बसणार.)

दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली ती आजारावरून नाही, आदल्या दिवशी का नाही सांगितलंस यावरून. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मॅनेजरला रोगाचं नाव नकोच असतं, तू कधी नसणार आणि तुझं काम कोण बघणार एवढंच हवं असतं.

पुढच्या वेळी दोन दिवस आधी मेसेज केला: 'गुरुवारी सकाळी डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, हाफ डे टाकतोय, 2 नंतर ऑनलाइन येतो, माझं टेस्टिंग बुधवारी संपवून ठेवतो.' रिप्लाय आला, ओके. विषय संपला! काय झालंय विचारलंच तर 'ट्रीटमेंट चालू आहे, थोडं पर्सनल आहे' म्हणायचं आणि गप्प बसायचं. गावाला लग्न आहे वगैरे थापा मारू नका, दोन महिन्यांनी लग्नाचे फोटो मागतात.

आणि दोन तास मागू नका, सरळ हाफ डेच घ्या. अपॉइंटमेंट 10 ची असली तरी डॉक्टर राऊंडवरून साडेअकराला येतात, वर वाकडचं ट्रॅफिक. भूल द्यायची असेल, एंडोस्कोपीसारखं काही, तर अख्खा दिवस टाका, त्या दिवशी गाडीसुद्धा चालवू देत नाहीत. सर्टिफिकेट त्याच दिवशी मागून घ्या, नंतर त्या एका कागदासाठी परत रांगेत बसावं लागतं.

फ्रेशर्सना वाटतं प्रोबेशनमध्ये सुट्टी मागणं म्हणजे पाप. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा जास्त लोक असतील तिथे, वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत, तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि वर्षअखेर लॅप्स होतात. एचआरचं पोर्टल उघडून आपला बॅलन्स बघा आधी.

ऑपरेशन ठरलं असेल तर कॅशलेससाठी टीपीएला (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) दोन-तीन दिवस आधी कळवून ठेवा, तिथे मात्र आजाराचं नाव द्यावंच लागतं, पण तो कागद एचआर-इन्शुरन्सकडे जातो, मॅनेजरला सीसी करायची काही गरज नाही. माझ्या एका मित्राने केला होता, रिपोर्टसकट, अख्ख्या टीमच्या ग्रुप आयडीवर.