अळंबीचा दलिया गिच्च होऊ नये म्हणून

अळंबीमध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे ती दलियाबरोबर एकदम कुकरमध्ये घातल्यास फिकट व लिबलिबीत होते आणि दलियाचाही गोळा होतो. दोन्ही वेगवेगळे शिजवावेत. पाव किलो बटण अळंबी पुसून, जाड कापून, पसरट तव्यावर दाटी न करता मोठ्या आचेवर मीठ न घालता परतावी; सुटलेले पाणी पूर्ण आटून कडा तांबूस झाल्यावरच मीठ, ठेचलेला लसूण व मिरपूड घालावी, कारण सामिष जेवणाची उणीव भासू न देणारी खमंग चव या तांबूसपणातूनच येते. दुसरीकडे बारीक चिरलेला कांदा तेलात परतून त्यात एक वाटी जाड दलिया वास सुटेपर्यंत भाजावा, भिजवलेले मूठभर अख्खे मसूर व तीन वाट्या उकळते पाणी घालावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे वीस मिनिटे शिजवावे. अळंबी शेवटी मिसळून पाच मिनिटे वाफ द्यावी. गरम मसाल्याचा मोह आवरलेला बरा, कारण तो अळंबीची चव झाकतो. लिंबू मात्र सढळ हाताने पिळावे.