जलरंगात डाग पडला तर

वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरात, फुलकोबीसारखा डाग उठला की आधी ब्रश खाली ठेवा. अर्धवट सुकलेल्या रंगाला जास्त ओला ब्रश टेकला की पाणी रंग कडेला ढकलतं, म्हणून ती दातेरी कड उमटते. घाबरून लगेच घासलंत तर कागदच उखडतो, आणि ते मात्र भरून येत नाही.

पूर्ण सुकू द्या. मग चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून पिळा, कड हलकेच ओली करा, अर्धा मिनिट थांबा आणि टिश्यू दाबून रंग उचला. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) चांगला कॉटन कागद हे दोन-तीनदा सोसतो. अल्ट्रामरीन हा निळा रंग बऱ्यापैकी निघतो. थॅलो ब्लू हा दुसरा निळा कागदात मुरून बसतो, तिथे गडद छटा चढवून डाग झाकणंच बरं.

ऑर्डरचं काम असेल तर ग्राहकाला त्याच दिवशी कळवा. नवी तारीख सांगताना सुकण्याचा वेळ धरा. पावसाळ्यात तो जास्तच लागतो.