सन रेकॉर्ड्सची जुनी तबकडी पारखताना

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाल तेव्हा खिशात छोटा टॉर्च आणि भिंग ठेवा. रॉक अँड रोलच्या जुन्या रेकॉर्ड बहुतेक कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या एचएमव्ही छापाच्या मिळतात. मेम्फिसच्या सन कंपनीची अमेरिकन प्रत क्वचितच, म्हणून ती हाती आली तर नीट पाहा.

सॅम फिलिप्सने 1952 मध्ये सुरू केलेल्या या छोट्या कंपनीकडे स्वतःचा छपाई कारखाना नव्हता; रेकॉर्ड वेगवेगळ्या शहरांतल्या बाहेरच्या कारखान्यांत छापून घेतल्या जात. नेमकी हीच गोष्ट पारखायला उपयोगी पडते. मेम्फिसला छापलेल्या 45 आरपीएमच्या (मिनिटाला 45 फेरे) प्रतीच्या पिवळ्या लेबलवर तीन गोल दाबठसे असतात. तिरका प्रकाश टाकला की दिसतात. ठसे नाहीत म्हणून लगेच नकली म्हणू नका. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातल्या प्रतींवर, शेवटच्या खाचेपुढच्या गुळगुळीत जागेत, त्रिकोण आणि आकडा कोरलेला असतो. दोन्ही खुणा नसतील तर मात्र मोठी रक्कम देऊ नका. एल्विसची पहिली रेकॉर्ड, क्रमांक 209, जुलै 1954 ची. तिच्या नकला भरपूर आहेत.

78 आरपीएमची प्रत लाखेची असेल तर स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मऊ कापड खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा. वाजवायला 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.