ईमेल चर्चागटातील सभासदांचे मेल आपोआप बंद होणे : माझा अनुभव

मोडी कागदपत्रांच्या वाचनावर चर्चा करणारा अभ्यासकांचा ईमेल गट मी ‘मेलमन २.१’ या चर्चागट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालवतो. चर्चा आठवडाभर रंगली, की बऱ्याच सभासदांचे मेल एकदम बंद पडत आणि सभासदयादीत त्यांच्या ‘नोमेल’ (मेल बंद) रकान्यात ‘बी’, म्हणजे बाउन्समुळे (मेल न पोचता परत आल्यामुळे) बंद, अशी खूण उमटे. त्यांचे पत्ते मात्र चालू असत. त्यांना पुन्हा सुरू केले, बाउन्सचे किती गुण झाल्यावर मेल बंद करायचे ती मर्यादा ५ वरून वाढवली, पण उपयोग झाला नाही. आपल्याला गटातून काढले, असे एका ज्येष्ठ अभ्यासकांना वाटले, हे फार जिव्हारी लागले.

परत आलेला एक मेल नीट वाचला, तेव्हा त्यात ‘डीमार्क’ हा शब्द सापडला; प्रेषकाचा पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची ही पद्धत. २०१४ पासून काही मेलसेवांनी प्रेषक म्हणून आपल्याकडचा पत्ता दाखवणारा, पण आपल्याकडून आल्याचे सिद्ध न होणारा मेल नाकारावा, असे धोरण जाहीर केले आहे. गट विषयाआधी आपले नाव आणि शेवटी तळटीप जोडतो, त्यामुळे मेल खरा असल्याची खूण असलेली मूळ डिजिटल सही मोडते. मेल नाकारला जातो आणि बाउन्सचा गुण पाठवणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्या नावे चढतो.

उपाय याच क्रमाने करावा. आवृत्ती २.१.१८ किंवा नंतरची असल्याची खात्री करावी. ‘प्रायव्हसी ऑप्शन्स’मधील ‘सेंडर फिल्टर्स’ उघडून डीमार्कच्या पर्यायात ‘मंज फ्रॉम’ (प्रेषकाचा पत्ता बदलणे) निवडावे व जतन करावे. त्यानंतरच सभासदयादीतील ‘नोमेल’च्या खुणा काढाव्यात आणि बाउन्सची मर्यादा पूर्ववत ५ करावी. अशा मेलवर आता प्रेषक म्हणून गटाचा पत्ता दिसतो, म्हणून प्रत्येकाने मजकुराखाली आपले पूर्ण नाव लिहावे, असा नियम आम्ही केला आहे.