समोरच्याचे क्रीचर ताब्यात कसे घ्यावे, आणि घेतल्यावर त्याचे काय करावे

कोकणातल्या माणसाला मालकी आणि वहिवाट यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. कलमांची बाग हंगामापुरती कराराने दिली की आंबा करारदार उतरवतो, पेट्या तोच भरतो आणि रात्रीची राखणही तोच ठेवतो. सातबाऱ्यावर नाव मात्र मालकाचेच राहते आणि हंगाम सरला की बाग त्याच्याकडे परत येते. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात समोरच्याचे क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचा पत्ता) आपल्याकडे वळवण्याची सगळी विद्या याच फरकावर उभी आहे. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला, आणि त्या पहिल्याच संचात 'कंट्रोल मॅजिक' नावाचा निळा पत्ता होता. चार माना (जमिनीच्या पत्त्यांतून मिळणारी जादूची ऊर्जा, हेच खेळातले चलन) मोजायचे, पत्ता समोरच्याच्या क्रीचरवर लावायचा, आणि ते क्रीचर आपल्या बाजूने लढू लागते. जमिनी टॅप करून (वापरल्याची खूण म्हणून आडव्या करून) माना काढणे, हल्ला करणे आणि ब्लॉक करणे एवढे वाचकाला येते असे धरून पुढचे लिहिले आहे.

मालक आणि ताबेदार

ज्याच्या डेकमधून पत्ता डावात आला तो त्याचा मालक, आणि डाव संपेपर्यंत तोच मालक राहतो. ताबा मात्र बदलू शकतो. मेंढीकोटात पकडलेली मेंढी पकडणाऱ्याच्या हातात कायमची जमा होते. इथे तसे होत नाही, आणि कितीही टर्न क्रीचर आपल्याकडे राबले तरी आपल्याला कूळ म्हणून कोणताही हक्क लागत नाही. ते मेले की मालकाच्या ग्रेव्हयार्डमध्ये (बाद पत्त्यांच्या ढिगात) जाते, कोणी हातात परत पाठवले तर मालकाच्याच हातात जाते. टोकनची (डेकमधून न येता एखाद्या पत्त्याच्या परिणामाने तयार होणाऱ्या क्रीचरची) मालकी ज्याच्या ताब्यात ते तयार झाले त्याची.

ताबा बदलताना बाकीच्या गोष्टींचे काय होते, हे नवखे खेळाडू हमखास विसरतात. क्रीचरवरची काउंटर (खुणेच्या सोंगट्या) त्याच्यासोबत येतात. त्याला चिकटलेल्या ऑरा (त्यावर लावलेले जादूचे पत्ते) आणि शस्त्रास्त्रे जागेवरच राहतात, परंतु त्यांचा ताबा आपल्याकडे येत नाही. म्हणून समोरच्याने तलवार चढवलेले क्रीचर आपण घेतले, तर त्याच्या पुढच्या टर्नला तो इक्विपचे (शस्त्र चढवण्याचे) माना भरून ती तलवार स्वतःच्या दुसऱ्या क्रीचरला देऊ शकतो. क्रीचर टॅप केलेले असेल तर ते टॅप केलेलेच येते, आणि नुसता ताबा मिळाला म्हणून त्याच टर्नला हल्ला करता येत नाही. आपला टर्न सुरू झाल्यापासून सलग आपल्या ताब्यात असलेले क्रीचरच हल्ला करू शकते. ब्लॉक करायला ही अट नाही, आणि या सवलतीचा उपयोग पुढे दिसेल.

पत्त्यावरची मुदत वाचावी

पत्ता हातात आला की करारनाम्यासारखी त्यावरची मुदत आधी पाहावी. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. लाल रंगाचे पत्ते बहुधा टर्न संपेपर्यंतच ताबा देतात. निळ्या रंगाचे पुष्कळसे पत्ते एखादी वस्तू टेबलावर टिकेल तोपर्यंत ताबा देतात: 'कंट्रोल मॅजिक' ही ऑरा मोडली की क्रीचर परत जाते, आणि 'सोअर ऑफ टेम्प्टेशन' ही २/२ ची (पहिला आकडा इजा करण्याची ताकद, दुसरा इजा सोसण्याची) उडणारी परी मारली गेली की तिने भुलवलेले क्रीचर आपल्या घरी निघून जाते. तिसऱ्या प्रकारात मुदतच लिहिलेली नसते. सात मानांचा 'एजंट ऑफ ट्रेचरी' डावात आला की समोरच्याची कोणतीही एक कायम वस्तू (टेबलावर टिकून राहणारा पत्ता) उचलतो, आणि नंतर एजंट मेला तरी उचललेली वस्तू आपल्याकडेच राहते. इतर पत्त्यांच्या मदतीने हा एजंट सात माना न मोजताच उतरवण्याची युक्ती इतकी फोफावली की जून २०२० मध्ये त्याच्यावर स्टँडर्ड या (फक्त अलीकडचे संच चालणाऱ्या) प्रकारात बंदी आली.

माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने महागड्या निळ्या पत्त्यांच्या मागे न लागता लाल आणि काळ्या रंगांचा डेक बांधावा. तो स्वस्तात होतो, आणि ताबा म्हणजे काय हे त्यात लवकर कळते.

एका टर्नची उसनवारी

'अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन' हा तीन मानांचा लाल पत्ता घ्यावा. तो निवडलेले क्रीचर टर्न संपेपर्यंत आपल्या ताब्यात देतो, ते अनटॅप करतो आणि त्याला हेस्ट देतो, म्हणजे त्याच टर्नला हल्ला करता येतो. नुसता एवढाच वापरला तर हा पत्ता फारसा कामाचा नाही, कारण एक हल्ला होतो आणि समोरच्याचे क्रीचर सुखरूप त्याच्याकडे परत जाते. खरी मेख पुढे आहे: परत द्यायचेच आहे, तर द्यायला काही शिल्लक ठेवू नये.

समजा, समोर ६/६ चे एक धूड उभे आहे आणि आपल्याकडे चार जमिनी आहेत. हल्ल्याच्या आधीच्या मुख्य टप्प्यात तीन जमिनी टॅप करून 'अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन' खेळावा आणि त्या धुडाने त्याच्याच मालकावर हल्ला करावा. ब्लॉक करायला दुसरे कोणी नसेल तर त्याचे २० पैकी ६ गुण (आयुष्याचे; शून्य झाले की हार) जातात. कोणी ब्लॉक केलेच, तर बहुतेक वेळा त्याचे आणखी एक क्रीचर मरते. इजा देऊन झाल्यावर, टर्न संपण्याच्या आत, चौथी जमीन टॅप करून 'व्हिलेज राइट्स' खेळावा. या काळ्या पत्त्याची जादा किंमत म्हणजे एका क्रीचरचा बळी, आणि मोबदला म्हणजे दोन नवे पत्ते. बळी अर्थातच उसन्या धुडाचा द्यावा. बळी ही किंमत असल्यामुळे समोरच्याने 'व्हिलेज राइट्स' आपल्या पत्त्याने रद्द केला तरी दिलेला बळी परत येत नाही. दोन पत्ते खर्च करून दोन मिळाले, सहा गुण गेले आणि समोरचे धूड ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचले.

घाई इथे नडते. गेल्या गणपतीत पडवीत बसून चुलतभावाशी खेळताना मी हल्ला जाहीर करताच, इजा होण्याआधीच बळी देऊन टाकला होता. आरतीची हाक आली होती आणि मला डाव आटपायचा होता. त्याचे सहा गुण हकनाक वाचले, आणि तो डाव मी पुढे दोन गुणांनी हरलो.

याच पद्धतीत 'क्लेम द फर्स्टबॉर्न' फक्त एका मानाचा आहे, मात्र तीन किंवा त्याहून कमी मानांचीच क्रीचर त्याने घेता येतात. बळी देण्यासाठी 'व्हिसेरा सीअर' टेबलावर असेल तर माना न मोजता हवे तेव्हा बळी देता येतो, म्हणून असा एखादा पत्ता आधीच उतरवून ठेवावा. एक सावधगिरी बाळगावी: समोरच्याकडेही बळी देण्याची सोय आणि माना शिल्लक असतील, तर आपला पत्ता लागू होण्याआधीच तो स्वतःचे क्रीचर बळी देईल आणि आपला पत्ता निशाण (ज्यावर तो रोखला ते क्रीचर) नसल्याने वाया जाईल. त्याच्या जमिनी टॅप झालेल्या असताना हात घालावा.

परत न देण्याची वाट

खरेदीखतात एका शब्दाने जसा निकाल फिरतो, तसा इथेही फिरतो. 'क्लाउडशिफ्ट' या एका मानाच्या पांढऱ्या पत्त्याने आपल्या ताब्यातले क्रीचर क्षणभर डावाबाहेर जाते आणि 'तुमच्या ताब्यात' परत येते. काही तत्सम पत्त्यांवर 'मालकाच्या ताब्यात' असे लिहिलेले असते. ते इथे आत्मघातकी ठरतात. 'अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन' ने उसने घेतलेल्या क्रीचरवर टर्न संपण्याआधी 'क्लाउडशिफ्ट' खेळला, तर परत आलेले क्रीचर नियमांच्या दृष्टीने नवीनच वस्तू असते आणि जुनी एका टर्नची मुदत तिला लागू होत नाही. ते आता आपल्याकडेच राहते. 'कॉन्जुरर्स क्लोजेट' हेच काम आपल्या प्रत्येक टर्नच्या शेवटी फुकट करते. टोकनवर मात्र ही युक्ती करू नये, कारण डावाबाहेर गेलेले टोकन परत येतच नाही.

हल्ल्याच्या मध्यावर

मला स्वतःला सर्वांत आवडणारा पत्ता जुना आहे: १९९५ च्या 'आइस एज' संचातला 'रे ऑफ कमांड'. चार मानांचा हा निळा पत्ता समोरच्याच्या टर्नमध्येही खेळता येतो. समोरच्याने ५/५ आणि ४/४ अशा दोन क्रीचरनी हल्ला जाहीर केला की, ब्लॉक जाहीर होण्याच्या आधी, ५/५ वर हा पत्ता टाकावा. ताबा बदलल्यामुळे ते क्रीचर हल्ल्यातून बाहेर पडते, अनटॅप होते, आणि ब्लॉकला ताब्याच्या मुदतीची अट नसल्याने आपण त्यानेच ४/४ ला ब्लॉक करू शकतो. ४/४ मरते आणि ५/५ जगते. टर्नच्या शेवटी ते परत जाताना टॅप होऊन जाते.

आडकाठ्या

हेक्सप्रूफ किंवा श्राउड असलेल्या क्रीचरवर निशाण धरता येत नाही, आणि वॉर्ड असल्यास वरची किंमत भरावी लागते; म्हणून मानांचा हिशेब आधी करावा. निळ्यापासून संरक्षण असलेल्या क्रीचरवर 'कंट्रोल मॅजिक' चालत नाही. यांपैकी कशालाही न जुमानणारा 'इन्सरेक्शन' हा आठ मानांचा लाल पत्ता निशाण न धरता टेबलावरची सगळीच क्रीचर एका टर्नसाठी आपल्याकडे ओढतो. उलट बाजूने, 'होमवर्ड पाथ' ही जमीन टॅप केली की प्रत्येकाची क्रीचर आपापल्या मालकाकडे जातात, आणि 'क्लाउडशिफ्ट' ने पक्का केलेला ताबाही तिच्यापुढे टिकत नाही. एकाच क्रीचरवर दोघांनी ताबा सांगितला तर नंतरचा ताबा चालतो, आणि त्याची मुदत संपली की आधीचा पुन्हा लागू होतो.

चौघांच्या कमांडर या प्रकारच्या डावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जो खेळाडू हरून डावातून बाहेर पडतो त्याच्या मालकीचे सगळे पत्ते त्याच्यासोबत जातात, आपण वापरत असलेलेसुद्धा. म्हणून ज्याचे क्रीचर आपल्याकडे राबत आहे त्याला शक्यतो शेवटी हरवावे.

टेबलावरची शिस्त

दुसऱ्याचा पत्ता हाताळण्याआधी विचारावे आणि हात धुवावेत. फणसाचे गरे खाल्लेल्या बोटांनी पत्ता उचलू दिला नाही म्हणून आमच्याकडे एकदा अबोला झाला आहे. सावंतवाडीच्या गंजिफेच्या गोल पत्त्यांना चितारी लाखेचा हात देतात, आपल्या छापील पत्त्यांना ते कवच नाही. श्रावणातल्या ओल्या हवेत चकचकीत फॉइल पत्ता पापडासारखा वळतो, त्यामुळे पावसाळ्यात प्रत्येक पत्ता स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ पिशवीत) असलाच पाहिजे. दोघांच्या स्लीव्हचे रंग वेगळे असावेत, आणि घेतलेला पत्ता आपल्या पत्त्यांपासून थोडा दूर ठेवावा.

आमच्या दोघांच्याही स्लीव्ह काळ्या होत्या. विसर्जनानंतर चुलतभाऊ कणकवलीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी डेक मोजला तर ६० ऐवजी ६१ पत्ते भरले. त्याचे धूड माझ्याकडे राहिले होते. पुठ्ठ्यात घालून ते टपालाने पाठवले. त्याच्या स्लीव्ह आता लाल आहेत, आणि डाव मोडला की चहाच्या आधी दोघेही आपापले पत्ते मोजतो.