लाईनखालचं झाड बोडकं न करता फांद्या कशा छाटून घ्यायच्या

मे महिन्याचा कुठलाही गुरुवार घ्या, पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी लाईट जाते, शिडीची गाडी येते आणि तासाभरात गुलमोहराचा खुंट करून निघून जाते, मग सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा. त्यापेक्षा आधीच महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज टाका, वायरमनशी बोलून ठेवा आणि काम चालू असताना कोणीतरी खाली (जरा लांबच) उभं राहा. सांगणारं कोणी नसलं की शेंडा उडालाच म्हणून समजा.

आणि शेंडा उडवून फायदा काहीच नाही. त्या खुंटातून ढीगभर धुमारे फुटतात, सरळ वर पळतात, पकड कच्ची असते आणि बघता बघता परत तारेला टेकतात. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदीच धरायची, ती जिथे बाजूला वळणाऱ्या दुसऱ्या जाड फांदीला मिळते तिथपर्यंत मागे यायचं आणि तिथे कापायचं, म्हणजे झाडाची वाढच तिकडे वळते. फांदी जाड असेल तर एका दमात नको. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी खाली आली की उरलेला ठोंब शेवटी काढायचा. खालचा काप दिला नाही तर पडणारी फांदी खोडाची साल ओरबाडत नेते. फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी दिसते ती अजिबात कापू नका, जखम तिथूनच भरते.

अंतर किती? जंगलातल्या लाईनसाठी केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या सूचनांत झाड आणि तारेमध्ये ११ केव्हीला (म्हणजे ११ हजार व्होल्टला) २.६ मीटर, १३२ ला ४ आणि २२० ला ४.६ मीटर दिलंय, अंदाजाला ते पुरे.

स्वतः कोयता घेऊन चढायचं नाही, गुरुवार असला तरी नाही. लाईट गेली म्हणजे लाईन मेली असं नसतं, कोणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो, म्हणून तर वायरमन परमिट (लाईन बंद असल्याची लेखी परवानगी) घेऊन अर्थिंग टाकल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, हात लावत नाहीत.

खरं तर मे महिनाच चुकीचा. तेव्हा कावळ्यांची घरटी भरलेली असतात, काटक्यांत तारेचे तुकडेही विणलेले. जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या, तेव्हाही वर बघूनच.

झाड पूर्ण तोडायचा विषय निघाला तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, "लाईनला अडतंय" एवढं सांगून भागत नाही.

नवीन लावताना लाईनखाली गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, बांबू, नारळ नकोच. पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, तगर, जास्वंद लावा, शिडीची गाडी बोलवायची वेळच येत नाही. छाटलेला पाला कचऱ्याच्या गाडीत न देता बारीक करून झाडाच्या आळ्यात पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.