थकलेली टोळी: मीर स्थानकापासून मळणीच्या वावरापर्यंत, या चुका टाळा

दसऱ्याच्या आगेमागे यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या वावरांत हडंबे, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रं, रात्र रात्र चालतात. सोंगलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली, आभाळ भरून आलेलं आणि हडंबावाला पुन्हा कधी सापडेल याचा भरवसा नाही. मग सात-आठ जणांची टोळी दिवसा एका वावरात आणि रात्री दुसऱ्या वावरात. कोणाचा हात सापडला की गावात "लक्ष नव्हतं त्याचं" एवढं बोलून विषय मिटतो. लक्ष का नव्हतं, आणि बाजूला उभ्या असलेल्यांना ते का कळलं नाही, हे कोणी विचारत नाही. अंतराळवीरांसोबत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न फार बारकाईनं विचारलाय, कारण वर गडबड झाली तर उतरून बांधावर जाऊन बसायची सोय नसते.

"मले झोप नाही येऊन राहली" हे खरं मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना सलग 14 दिवस रोज 6 तासच झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि प्रतिसाद एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका ढासळला. त्यांना स्वतःला मात्र थोडी झोप येते, बाकी ठीक आहे, असंच वाटत होतं. थकवा मोजायचं यंत्र म्हणजे आपला मेंदू, आणि थकव्यात आधी तेच बिघडतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हेच होतं. वेळापत्रकात झोपेला साडेआठ तास दिलेले असतात, प्रत्यक्षात झोप मिळते ती सरासरी 6 तास. दर 90 मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसात 16 सूर्योदय. वर पंख्यांचा आवाज आणि ऐनवेळी बदलणारी कामं. स्थानकावरच्या चारपैकी तीन अंतराळवीरांनी मोहिमेत कधी ना कधी झोपेची गोळी घेतली होती, असं 2014 च्या एका अभ्यासात आढळलं. ही निवडून, पारखून घेतलेली माणसं. तेव्हा "सहा तास भरपूर झाले" हे आपल्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं तर मान डोलावू नका.

आणखी एक हिशेब. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा होतो, हे 1997 मध्ये दाखवलं गेलं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे 5 ला उठलेला माणूस रात्री 10 ला थेंबही न घेता त्या रेषेपलीकडे जातो.

म्हणून "झोप येते का?" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं. "आज किती वाजता उठला भाऊ?" असं विचारा. घड्याळ खोटं बोलत नाही.

टोळी गप्प झाली म्हणजे काम रंगलं, असं समजणं

थकवा हातापायांच्या आधी बोलण्यावर येतो. हाक मारली की न ऐकताच "हो हो" येतं. माणूस पुढचं काम न सांगता हाती घेतो. एकमेकांवर खेकसणं सुरू होतं, नाहीतर सगळे मिळून शेतमालकावर नाहीतर फोनवर बोलणाऱ्यावर राग काढतात. रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकावरच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: आतला ताण खाली जमिनीवरच्या नियंत्रण कक्षावर निघायचा. टोळी मालकाला शिव्या घालायला लागली तर आधी त्यांना झोप किती मिळाली ते पाहा. मजुरीचं नंतर बोला.

मीरची 1997 ची गोष्ट सांगतो. त्सिबलियेव आणि लाझुत्किन हे रशियाचे अंतराळवीर फेब्रुवारीत वर गेले. त्याच महिन्यात ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्याला आग लागली, मग थंडाव्याच्या नळ्या गळू लागल्या, आत उकाडा, झोप तुटक. मार्चमध्ये हातानं चालवून जोडायचं मालवाहू यान नीट आलं नाही, जवळून निघून गेलं. तरी 25 जूनला पुन्हा तोच प्रयोग सांगितला गेला. त्सिबलियेवसमोर फक्त कॅमेऱ्याचा पडदा, अंतर सांगणारं रडार बंद, आणि खालच्या ढगांमुळे स्थानक नीट दिसेना. लाझुत्किन आणि अमेरिकेचा मायकेल फोल खिडक्यांतून यान शोधत होते. दिसलं तेव्हा उशीर झाला होता. यान स्पेक्त्र कक्षावर आदळलं, हवा गळू लागली, आणि दारातून गेलेल्या तारा काढून तो कक्ष बंद करावा लागला. दोष एकट्या थकव्याचा नव्हता, पण दमलेल्या माणसाकडून अवघड काम करून घेताना खालच्यांपैकी कोणी थांबवलं नाही. पुढे जुलैत कोणीतरी चुकून भलतीच तार काढली. दिशा सांभाळणाऱ्या संगणकाला वीज मिळेना, स्थानकाची सौरतावदानं सूर्यापासून फिरली आणि आत अंधार झाला.

त्या तारेसारखीच चूक आपल्याकडेही होते. हडंब्यात ओलं धसकट अडकतं. कोणी ओरडतो "बंद!", आवाजात ट्रॅक्टरवाल्याला भलतंच ऐकू जातं. यावर उपाय साधा आहे. जो हात घालणार, ट्रॅक्टरची किल्ली त्याच्याच खिशात. इंजिन बंद, पट्टा आणि ड्रम पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहिला, मग समोरच्यानं तोंडानं "थांबलं" म्हटलं, मगच हात. रात्री आवाजाऐवजी टॉर्चची खूण ठरवून घ्या. ही खूण कामाला लागायच्या आधी, डोकं ताजं असताना ठरवा.

"दोनच गंज्या राहल्या, उरकून टाका"

थांबायचं कधी हे दमलेल्या माणसावर किंवा मालकावर सोडलं की कोणीच थांबत नाही. 1973-74 मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकावर तिघे 84 दिवस राहिले. सुरुवातीपासून खालून कामाची यादी इतकी गच्च यायची की चुका वाढल्या, कुरबुर वाढली. डिसेंबरअखेर दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं बोलणं झालं. जेवणानंतरचा वेळ मोकळा केला, किरकोळ कामं सवडीनं करायला दिली, आणि कामाचा उरक उलट वाढला. (तिथं संप झाला होता, अशी कहाणी आजही फिरते, तसं काही झालं नव्हतं.)

टोळीत एकाला आधीच अधिकार द्या: तो "बस" म्हणाला की हडंबा बंद, मालक तिथं उभा असला तरी. तो माणूस शक्यतो हडंब्यात सोयाबीन घालणारा नसावा, पोत्यापाशी उभा असलेला बरा. पहाटे 2 ते 5 शरीर सगळ्यात सुस्त असतं, त्या वेळेत घालणारा बदलाच.

खर्रा आणि काळा चहा

खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीनं, तोंड चालू राहतं, डोकं नाही. चहानं थोडा वेळ निभतो, पण रात्री 10 नंतरचा चहा घरी जाऊन लागणारी झोपही खातो.

उठवल्याबरोबर कामाला लावणं

डुलकी चांगलीच. नासानं लांबच्या उड्डाणांतल्या वैमानिकांना 40 मिनिटं विसावा दिला, त्यात सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि नंतर त्यांची सतर्कता वाढलेली दिसली. पण जागं झाल्यावर काही मिनिटं डोकं जड असतं, आणि त्या वेळी माणूस नुसता उभा दिसतो, जागा नसतो. उठलेल्याला आधी तोंड धुऊ द्या, पोते शिवू द्या, दोन शब्द बोलू द्या. त्याला हडंब्यासमोर उभं करायला अजून पंधरा-वीस मिनिटं थांबा.